आवाजावरची जकात

नेव्हिल बॅराक्लॉ यांनी नगरपालिकेच्या वजनमाप खात्यातील सबंध नोकरीत एकाही खाटकाला किंवा कोळसेवाल्याला एका औंसाची सूट दिली नाही. ते दुकानाच्या दारात दिसले की तराजूचा काटा आपोआप मधोमध येऊन उभा राहतो, असे गावात बोलले जाई. इतका काटेकोर माणूस आपल्या गिटारवादनाच्या बाबतीत मात्र कमालीचा उदार होता. आपण कसे वाजवतो याची तपासणी त्यांनी तरुणपणी एकदा केली होती, निकाल अनुकूल लागला होता, तपासनीस ते स्वतःच होते, आणि त्यानंतर पुन्हा तपासण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

याचा अर्थ ते गर्विष्ठ होते असा नव्हे. स्वतःची थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारा सबंध थ्रॉसल लेनमध्ये कोणी नव्हता. "मी गिटार वाजवतो असं कोण म्हणतं? मी गिटारला छळतो, आणि ती लोकांना छळते," असे ते हसत हसत सांगत, आणि सांगून झाल्यावर अॅम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवीत. विनय त्यांच्या जिभेवर भरपूर होता. तो बोटांपर्यंत उतरत नसे, एवढेच.

हा अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या त्याच्या पोटात तांबूस तेवत. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर म्हाताऱ्या गवयासारखा असतो. त्याला हळू गायला सांगितले तर तो नुसता घसा खाकरतो. खरे गाणे हवे असेल तर त्याला वरच्या पट्टीत चढूच द्यावे लागते. नेव्हिल यांचा अॅम्प्लिफायर पन्नास वॅटचा असल्यामुळे तो चढला म्हणजे खिडकीच्या तावदानांनाही साथ धरावी लागे. परंतु त्या चढलेल्या आवाजात जी खरखरीत गोडी येते ती अन्य कशानेही येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो सिद्धान्त खोटा नव्हता. त्या गोडीचा आस्वाद घ्यायला समोर कोणी शिल्लक राही का, हा प्रश्न वेगळा.

'द बॉबिन्स' नावाच्या त्यांच्या पाच जणांच्या बँडातील आता दोघेच उरले होते. गिटारवर नेव्हिल, आणि ड्रमवर क्लिफर्ड शॅकल्टन, जे वाजवता वाजवता गातही असत. थ्रॉसल लेनच्या कामगार क्लबात महिन्याचा पहिला शनिवार या दोघांचा होता. पत्नी गेल्यापासून क्लिफर्ड यांच्या आयुष्यात इतर शनिवार जवळजवळ उरले नव्हते. पहिल्या शनिवारचा शर्ट ते गुरुवारीच इस्त्री करून दाराला टांगून ठेवीत. याविषयी ते कोणाशी बोलत नसत. पण खिडकीतून तो शर्ट अख्ख्या गल्लीला दिसे.

अशा या शनिवारवर संकट आले ते भिंतीवरच्या एका यंत्रामुळे. क्लबच्या मागची लोकरीची गिरणी बंद पडून तिचे फ्लॅट झाले होते, आणि फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या मंडळींना शांतता हवी होती. तेव्हा नगरपालिकेने क्लबात हे यंत्र बसवले. छताला टांगलेला एक मायक्रोफोन दालनातला आवाज ऐके, आणि त्याप्रमाणे भिंतीवर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागे. लाल दिवा काही क्षण टिकला की स्टेजवरची वीज तुटे. पितळी वाद्यांच्या बँडला याची मुळीच फिकीर नव्हती. त्यांच्या तालमीत लाल दिवा नंदादीपासारखा अखंड तेवे. पण भोंग्याला प्लग नसतो, तेव्हा यंत्र तोडणार काय? त्या बँडातला सर्वांत मोठा भोंगा डेरेक हॉल्रॉइड फुंकत, आणि क्लबचे सेक्रेटरीही तेच होते.

मार्चच्या पहिल्या शनिवारी नेव्हिल यांनी एक लांबलचक स्वर असा ओढला की दिवा लाल झाला, वीज गेली, आणि ती परत आल्यावरही व्हॉल्व्ह तापेपर्यंत ते स्टेजवर अवघडून उभे राहिले. कार्यक्रम संपताच हॉल्रॉइड बारपाशी आले.

"हे दुसऱ्यांदा झालं, नेव्हिल. कमिटीचं ठरलंय. एका बँडमुळे तिसऱ्यांदा वीज गेली, तर पहिला शनिवार डॉमिनोजच्या सोंगट्यांच्या स्पर्धेला."

"अरे डेरेक, पण..."

"क्लबात सेक्रेटरी म्हण."

"सेक्रेटरीसाहेब, दिवा पिवळा होता. मी बघत होतो."

"मग वीज काय पिवळ्याला घाबरून पळाली?"

क्लिफर्ड ड्रमवर घातलेला टॉवेल घडी करत होते. आवाज कमी व्हावा म्हणून तो त्यांनी आपणहून गेल्या वर्षापासून घालायला सुरुवात केली होती. "मला डॉमिनोज येत नाही," ते म्हणाले, आणि टॉवेलाची आणखी एक घडी घातली. तेवढे एकच वाक्य. परंतु नेव्हिल यांना ते घरापर्यंत पुरले.

"त्यात एवढं काय?" पत्नी ग्लेनिस म्हणाल्या. "छोटा अॅम्प्लिफायर घे. पावाच्या डब्याएवढे मिळतात हल्ली."

"त्यात व्हॉल्व्ह नसतात, ग्लेनिस."

"आवाज तर येतो ना?"

"आवाज येतो. स्वर येत नाही."

"तो आत्ता तरी कुठे..." असे म्हणून ग्लेनिस यांनी वाक्य सोडून दिले आणि चहाची किटली भरायला घेतली. त्यांच्या संसाराचा पाया अशा सोडून दिलेल्या वाक्यांवर भक्कम उभा होता.

यावर तोडगा म्हणून नेव्हिल यांना अॅटेन्युएटर सापडला. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये बसवायची ही लोखंडी पेटी म्हणजे जकातनाक्यावरचा कारकूनच. अॅम्प्लिफायरने जीव तोडून पाठवलेला बहुतेक माल ती नाक्यावरच जप्त करते, त्याची उष्णता करून टाकते, आणि उरलेला चतकोर स्पीकरकडे जाऊ देते. आत पूर्ण गर्जना, बाहेर बेताचा आवाज, गोडी तीच. निदान विकणारे तसे सांगतात. किती माल सोडायचा हे पुढच्या बाजूच्या टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या बटणावर ठरते.

एखादी पेटी विकत घेऊन मोकळे व्हावे, हे दुसऱ्या कोणाला सुचले असते. नेव्हिल यांनी अभ्यास आरंभला. पेट्यांचे तीन प्रकार निघाले. पहिल्या प्रकारात आत नुसते रोधक असतात. तो साधा आणि स्वस्त, पण आवाजावर घोंगडे पांघरतो अशी त्याची अपकीर्ती होती. दुसऱ्यात तारेचे वेटोळे असते, आणि समोर खराच स्पीकर आहे असे भासवून तो अॅम्प्लिफायरला खूश ठेवतो. तिसरा प्रकार सगळा आवाज आधी गिळतो आणि मग स्वतःच्या दुसऱ्या अॅम्प्लिफायरने त्यातला हवा तेवढा पुन्हा बाहेर काढतो. हा त्यांनी तत्त्वासाठीच नाकारला. "जप्त केलेला माल मागच्या दाराने विकणारा कारकून मी नोकरीत एक पकडला होता," ते म्हणाले. शिवाय पेटीचे ओहम स्पीकरच्या ओहमशी जुळावे लागतात. पत्रिका न जुळवता लग्न लावले तर अॅम्प्लिफायरच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या घटस्फोटातून कोणीच सुखरूप बाहेर पडत नाही.

एवढ्यावर हे थांबते तर बरे होते. परंतु जाणकारांची मते वाचता वाचता त्यांची भाषाच बिघडली. जन्मभर औंस आणि पाइंट यांखेरीज दुसरे विशेषण न वापरलेला माणूस न्याहारीच्या टेबलावर म्हणू लागला, "पोत चांगलाय, पण मधल्या भागात जरा ओलसर वाटतो."

"कोण? अंडं?" ग्लेनिस यांनी विचारले.

अखेर लीड्सच्या एका दुकानदाराकडून पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची एकेक पेटी पसंतीसाठी घरी आली. पक्षपात होऊ नये म्हणून नेव्हिल पडद्याकडे तोंड करून बसले. प्रत्येक खेपेला अॅम्प्लिफायर बंद करायचा, पेटी बदलायची आणि पुन्हा चालू करायचा, हे काम ग्लेनिस यांच्याकडे होते. पहिल्या खेपेला नेव्हिल यांनी चार सूर वाजवले आणि मान हलवली.

"निर्जीव. शवागारात वाजवल्यासारखं वाटतंय. बदल."

मागे खटका पडला, पावले वाजली, थोड्या वेळाने पुन्हा खटका पडला. व्हॉल्व्ह तापले. नेव्हिल यांनी तेच चार सूर वाजवले आणि त्यांचे डोळे मिटले.

"आहा! ही बघ. ही श्वास घेते. खालचे सूर कसे मांडी घालून बसलेत! ऐकू येतंय का तुला?"

"तीच आहे."

"कोण?"

"पेटी. मी बदललीच नाही. ओव्हनमधलं पुडिंग करपायला आलं होतं, ते काढून आले."

"मग बंद-चालू कशाला केलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

नेव्हिल यांनी पडद्याकडून तोंड फिरवून पेटीकडे पाहिले. मग त्यांना हसू फुटले. नोकरीत असे कान एखाद्या दुकानात सापडले असते तर त्यांनी ते जागच्या जागी सीलबंद करून दंड ठोठावला असता, असे त्यांनीच बोलून दाखवले. निवड मात्र करायची होतीच. त्यांनी दोन्ही पेट्या उचलून स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवल्या आणि जी जड भरली ती घेतली. ती वेटोळ्याची होती. तांब्याची तार वजनदारच असते. पुढे कोणी विचारले तर मात्र आपण ती तिच्या श्वासावरून ओळखली असेच सांगायचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

पुढच्या मंगळवारी दुपारी रिकाम्या क्लबात चाचणी झाली. हॉल्रॉइड किल्ल्यांचा जुडगा घेऊन शब्दकोडे सोडवत बसले. नेव्हिल यांनी अॅम्प्लिफायर पूर्ण उघडला आणि पेटीचे बटण एकेक टप्पा वर नेत, दिवा पिवळा होण्याच्या अलीकडे आणून थांबवले. आवाज खरोखरच छान होता. दिवा हिरवागार होता.

"बघा, सेक्रेटरीसाहेब! पन्नासच्या पन्नास वॅट!"

"बघतोय. 'गर्वाचे घर', दोन अक्षरी शब्द सांग."

एप्रिलचा पहिला शनिवार उजाडला आणि मावळला. दालन भरले. नेव्हिल यांनी अजून तारेला बोटही लावले नव्हते, तोच भिंतीवर पिवळा दिवा लागला.

ग्लासांची किणकिण, खुर्च्यांची करकर, शंभर माणसांचे बोलणे, खोकणे, हसणे. हे सगळे त्या मायक्रोफोनच्या पारड्यात आधीच जमा झाले होते. लोण्याचे वजन करताना भांड्याचे वजन आधी बघायचे असते, हा त्यांच्या खात्यातला पहिल्या दिवशीचा धडा. आणि त्यांनी मंगळवारी रिकाम्या दालनात नुसते लोणी तोलले होते. भांडे आता समोर बसून बिअर पीत होते.

काय करणार? त्यांनी पेटीचे बटण एक टप्पा खाली आणले. गाणे सुरू झाले. दिवा पिवळा. आणखी एक टप्पा खाली. क्लिफर्ड टॉवेल घातलेल्या ड्रमवर ठेका धरून डोळे मिटून गात होते, आणि तेव्हा एक विपरीत घडले. लोकांना शब्द ऐकू आले. क्लिफर्ड यांचा आवाज काही मोठा नव्हता. जुन्या गालिच्यासारखा झिजलेला, पण ऊबदार होता. पुढच्या टेबलावरचे विल्फ्रेड स्वतःशी गुणगुणू लागले. मग त्यांचे टेबल, मग खिडकीजवळची मंडळी. लाल दिवा लुकलुकला. नेव्हिल यांनी बटण आणखी खाली नेले. चौथ्या गाण्याला दालन ध्रुवपद उचलून गाऊ लागले, आणि बटण शेवटच्या टप्प्यावर येऊन अडले. त्याखाली आता जप्त करण्याजोगे काही उरले नव्हते. अॅम्प्लिफायर आत जिवाच्या आकांताने गर्जत होता, पेटी इस्त्रीसारखी तापली होती, आणि स्पीकरमधून एखादी माशी बाटलीत अडकावी तेवढा आवाज येत होता.

शंभर गळ्यांनी शेवटचे कडवे घेतले. दिवा लाल झाला आणि लालच राहिला. खटकन वीज गेली.

हे दोघांनाच कळले: ज्यांची गिटार मुकी झाली त्या नेव्हिल यांना, आणि ज्यांचे डोळे दिव्यावर खिळले होते त्या हॉल्रॉइड यांना. दालन गातच राहिले. क्लिफर्ड यांचे डोळे मिटलेलेच होते. गाणे संपले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि हॉल्रॉइड टेबलांमधून वाट काढत स्टेजपाशी आले.

"तिसरी वेळ, नेव्हिल."

टाळ्या विरल्या. क्लिफर्ड यांनी डोळे उघडले, दिव्याकडे पाहिले, आणि ड्रमवरच्या टॉवेलाची घडी घालायला घेतली.

त्या घडीकडे पाहून नेव्हिल यांनी गिटार खाली ठेवली आणि घसा साफ केला. "सेक्रेटरीसाहेब, माझी हरकत आहे. नियम म्हणतो, बँडमुळे वीज गेली तर. गिटारमुळे वीज गेलेली नाही."

"मग कशामुळे गेली?"

"ते मला माहीत नाही. गिटार..." इथे त्यांचा आवाज किंचित अडखळला. "गिटार कोणाला ऐकूच येत नव्हती."

"हे तू म्हणतोस? तू?"

"बटण बघा. शेवटच्या टप्प्यावर आहे. आणि हव्या तितक्या साक्षीदारांना विचारा."

हॉल्रॉइड हा न्यायी माणूस. त्यांनी बारकडे वळून विचारले, "मेव्हिस, तुला गिटार ऐकू आली?"

"गिटार?" ग्लास पुसता पुसता मेव्हिस म्हणाल्या. "वाजवत होता होय? मला वाटलं बोटं दुखतायत, म्हणून नुसती गळ्यात घालून उभा आहे बिचारा."

"आभारी आहे, मेव्हिस," नेव्हिल म्हणाले.

"विल्फ्रेड, तू तर पुढेच बसला होतास."

"एवढ्या जवळ, की लेकाच्या नाकातले केस दिसत होते. तोंड फार वेडंवाकडं करत होता. मी बायकोला म्हटलंसुद्धा, याची दाढ उपटायला झालीय. पण आवाज? छे. फ्रिज घुरघुरतो तेवढाही नाही."

"आभारी आहे, विल्फ्रेड. बटणाची नोंद..."

"आणि खरं सांगू का," मागून कोणीतरी ओरडले, "आजच्याइतका चांगला वाजला नव्हता कधी!"

दालन हसले. नेव्हिल यांनी त्याही साक्षीदाराचे आभार मानले. खटला जिंकत चाललेल्या वकिलाची आणि फाशी जात असलेल्या आरोपीची अशा दोन्ही भूमिका एकाच अंगरख्यात निभावताना त्यांना बरेच कष्ट पडत होते. तेवढ्यात ग्लेनिस उभ्या राहिल्या.

"याचं वाजवणं मी दोन बंद दारांमागूनही ओळखते. आज समोर बसून ओळखलं नाही. हवं तर शपथ घालून विचारा."

हॉल्रॉइड यांनी हनुवटी खाजवली. "मग वीज गेली कोणामुळे?"

शंभर माणसांनी आपापल्या ग्लासात पाहिले.

"आता विचारतोच आहेस म्हणून सांगते," मेव्हिस म्हणाल्या, "खालच्या पट्टीत सगळ्यात मोठा हंबरडा तुझाच होता, डेरेक."

"क्लबात सेक्रेटरी म्हण," हॉल्रॉइड पुटपुटले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, कोटाची बटणे लावली आणि निर्णय दिला. "सभासदांना क्लबात गायची बंदी करायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि ती मी बोलावणार नाही. वीज सभासदांमुळे गेली. पहिला शनिवार बॉबिन्सचाच राहील. अट एकच. नेव्हिल, ती पेटी आणि ते बटण आत्ता आहेत तिथेच राहतील."

"मान्य," नेव्हिल म्हणाले. दुसरे काय म्हणणार? पुरावा त्यांनीच तर सादर केला होता.

क्लिफर्ड यांनी टॉवेल पुन्हा उलगडून ड्रमवर पसरला. "वीज आलीय, नेव्हिल," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह तापले की सांग. मी थांबतो."

परतताना अॅम्प्लिफायर ढकलगाडीवर होता. नेव्हिल पुढून ओढत होते, ग्लेनिस मागून लोटत होत्या. घराच्या दारापाशी ते थांबले.

"साक्ष चांगली दिलीस."

"हो ना?"

"विल्फ्रेडनेही. फ्रिजचं जरा जास्त झालं, पण क्लिफर्डसाठी दिली त्याने. मेव्हिसनेही. चांगली माणसं आहेत. वेळेला धावून आली."

ग्लेनिस यांनी ढकलगाडीवर कललेला अॅम्प्लिफायर सरळ केला. नेव्हिल यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे दिव्याच्या उजेडात नीट निरखून पाहिले, आणि तिथे काही वाचता येण्याच्या आत नजर काढून घेतली. आयुष्यभर खोट्या मापांच्या मागे लागलेल्या या गृहस्थांची त्या घटकेला एकच मनापासूनची इच्छा होती, ती म्हणजे आपल्या बायकोसकट सबंध क्लब धडधडीत खोटे बोललेला असावा.

"विचारायचं असेल तर विचार एकदाचं," ग्लेनिस म्हणाल्या.

"काही नाही," नेव्हिल म्हणाले. "तू फक्त पुढे होऊन दार धर. हा भलताच जड आहे."